हार्रीसाठी पाच काडतुसं

माझा नवरा शशिकांत आइंडहोव्हनच्या एका कंपनीत मोजमापाचं काम करतो. यंत्राच्या भागात केसाएवढी चूक निघाली तर त्याला जेवण जात नाही. घरातलं न्हाणीघराचं दार मात्र तीन वर्षं लागत नाहीये, त्याचं त्याला काही नाही.

एकवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो, तेव्हा आमच्याशी सर्वांत आधी मोकळेपणाने बोलला तो मागच्या गल्लीतला हार्री. सगळी नोकरी लेथ मशीनवर काढलेला, उंच आणि फटकळ. त्याने शशिकांतला नेमबाजीच्या क्लबात नेलं, परवान्याच्या कागदपत्रांत मदत केली, आणि काडतुसं घरी कशी भरायची तेही शिकवलं. दर रविवारी सकाळी दोघं रेंजवर. मी कुरकुर करायचे. पण परदेशात माझ्या नवऱ्याला मिळालेला हा एकच जिवाभावाचा मित्र होता, हे मला कळत होतं.

गेल्या वर्षी हार्रीला स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हातांतली ताकद. या मार्चमध्ये त्याने डॉक्टरांशी बोलून स्वतःच्या मरणाची तारीख ठरवली. इथे कायद्याने तसं करता येतं. गुरुवार, दुपारी दोन वाजता. दाताच्या डॉक्टरची वेळ सांगावी तसं त्याने आम्हाला ते सांगितलं, आणि पुढे म्हणाला, "त्याआधीच्या रविवारी मला माझ्या रायफलने पाच गोळ्या झाडायच्यात. मग झालं. काडतुसं तू भर."

शशिकांत घरी येऊन पोटभर रडला आणि मग कामाला लागला.

हार्रीची रायफल जुनी, तिची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. गोळी सुटली की पितळेची पुंगळी फुगते. ती पुन्हा वापरायची तर डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून आवळावी लागते. हार्रीने आपलं सगळं सामान शशिकांतला देऊन टाकलं होतं. त्यात दोन डाय होते. एक पुंगळीचं नुसतं तोंड आवळायचा, दुसरा अख्खी पुंगळी. कुठला घ्यावा यावर माझ्या नवऱ्याने दोन संध्याकाळी घालवल्या.

"नुसतं तोंड आवळलं तर काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा बोल्ट अडकेल, उत्तरा," जेवताना तो मला सांगत होता. "अख्ख्याच आवळतो. पण जास्त दाबलं की पितळ पातळ होतं आणि पुढे कधीतरी चिरतं. लागेल तेवढंच दाबायचं, एक कणही जास्त नाही."

रायफल हार्रीच्या परवान्यावर, त्यामुळे ती आमच्या घरी आणता येत नव्हती. शनिवारी शशिकांतने डाय पुंगळ्या दाबायच्या प्रेसमध्ये बसवला, एक पुंगळी आवळली आणि सायकलवरून हार्रीकडे जाऊन ती रिकामीच रायफलमध्ये घालून पाहिली. बोल्ट बंद होईना. घरी येऊन पुंगळी आणखी आवळावी म्हणून डाय किंचित खाली फिरवला, पुन्हा सायकल. समोरून मरणाचा वारा. अशा सहा खेपा झाल्या. सहाव्या वेळी शशिकांतने हाताचा जरा दाब दिला आणि बोल्ट बसला. हार्रीला खुर्चीतच डुलकी लागली होती. शशिकांतने त्याला उठवलं नाही.

"परफेक्ट!" घरी येऊन त्याच मापाने पाच काडतुसं भरल्यावर तो म्हणाला. "पुंगळ्या दहादा भरल्या तरी चिरणार नाहीत."

रविवारी मी गाडी चालवली. रेंजवर आम्ही हार्रीची खुर्ची टेबलाशी लावली, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. ट्रिगर ओढण्याइतकं बोट चालत होतं. पहिलं काडतूस आत गेलं. हार्रीने बोल्टच्या दांड्यावर तळहात ठेवून ढकललं. दांडा अर्ध्यावर थांबला. त्याने पुन्हा जोर लावला. मान थरथरायला लागली, चेहरा लाल झाला, दांडा हलेना. दुसरं काडतूस घातलं. मग तिसरं. पाचही तंतोतंत सारखी निघाली. माझ्या नवऱ्याचं काम ते!

"मी बंद करून देतो," शशिकांत म्हणाला.

"नाही. जो बोल्ट लावेल, गोळी त्याची."

"हार्री, आज तरी ऐक."

"नाही."

शशिकांत देखरेखीच्या माणसाकडे धावला. घरी जाऊन डाय खाली करून नवी काडतुसं आणतो, तासभर द्या, म्हणून त्याने चक्क हात जोडले. पावणेबारा झाले होते. आवाजाचा त्रास नको म्हणून नगरपालिकेने बारापर्यंतच परवानगी दिलेली, आणि रेंज थेट पुढच्या रविवारी उघडणार. त्या माणसाने खाली बघून नकार दिला. हार्रीने पाचही काडतुसं डबीत घालायला सांगितली.

घरी आल्यावर शशिकांत तडक शेडमध्ये गेला. त्याने डाय चांगला खाली फिरवला आणि नवी पाच काडतुसं भरली. माझं डोकं फिरलं होतं. "शनिवारी त्याला उठवून 'तू लावून बघ' एवढं म्हणायला काय झालं होतं तुला?" मी ओरडले. बोलून गेले आणि जीभ चावली.

"पुंगळ्या टिकाव्यात म्हणून केलं गं," तो म्हणाला. "कुणासाठी टिकवत होतो मी?"

सोमवारी सकाळी त्याने हार्रीला स्पीकरवर फोन लावला. कुणी कुणाला विचारू नये ते माझ्या नवऱ्याने विचारलं. "तारीख पुढे ढकल. फक्त रविवारपर्यंत. मी नवी केलीत, अगदी सैल. नुसता हात लावलास तरी बोल्ट बसेल."



"माझी मुलगी ग्रोनिंगनहून आली आहे," हार्री म्हणाला. "रोज रात्री श्वास अडकतो, तो तिला ऐकू येतो. आणखी तीन रात्री मला नकोत, शशी." मग थांबून म्हणाला, "गुरुवारी काडतुसं आणू नकोस. माझा हात धरून बस. धड हलत नसला तरी कुणी धरलेला कळतो मला."

मी शशिकांतच्या हातातून फोन घेतला आणि आम्ही येतो म्हणून सांगितलं.