पाण्याबाहेर आलेलं माहेर

बारामतीच्या कॉलेजात एम.ए. करत होते तेव्हा आमच्या बाई भयकथा शिकवायच्या. मनोविश्लेषणाच्या अंगानं पाहिलं तर, त्या म्हणायच्या, भूत बाहेरून येतच नाही. मनानं दडपून टाकलेलं, आपल्याच घरातलं काहीतरी परत येतं. ओळखीचं असूनही ते परकं वाटतं, म्हणून अंगावर काटा येतो.

मला ते पटेना. "बाई, माणूस अनोळखी गोष्टीलाच घाबरतो ना?"

"बघ, कुठं सापडतंय का," त्या हसून म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं. आईचं माहेर इंदापूरकडचं, धरणात बुडालेलं. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. जुनं गाव उघडं पडल्याचं कळलं तशी मीच तिच्या मागं लागले आणि एके सकाळी आम्ही एसटीनं गेलो.

गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. घरांची दगडी जोती तेवढी उरलेली. आई कुणालाही न विचारता सरळ चालत गेली. एका जोत्यापाशी तिनं चप्पल काढली आणि कमरेत वाकून आत शिरली. दार नव्हतं, चौकट नव्हती, वर नुसतं आभाळ. तरी ती वाकली. मग बारीक, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "आये, आली गं."

भर उन्हात मी दोन पावलं मागं सरले. समोर माझी आईच होती, पण दुसरीच कुणीतरी पोरही होती.

"आई!" मी ओरडले.

ती दचकली. "काय गं? काय बोलली का मी?"

"तुझ्या आईला हाक मारलीस."

"व्हय?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "चौकट लई बसकी हुती. डोकं आपटायचं म्हून समदी वाकूनच यायची."

कॉलेजात मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घर आईचं. मग भ्यालीस तू, ते का?"

घरी येऊन आईलाच विचारलं. ती भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "गाव उठलं तवा तू पोटात हुतीस. मला कुणी रडू दिलं न्हाय. पोटातल्या लेकराला बाधंल, म्हणायची समदी."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं तवा खाली उतरवला आणि त्या घराचं सांगत बसली, पार दिवेलागणीपर्यंत.