तीन ठोके

आमच्या गल्लीत पाण्याच्या एका फाट्यावर तीन नळ होते. पहिला माझा, मधल्या घराला कुलूप, शेवटचा खालाचा. खाला म्हणजे मावशी; ती घरी शिलाईकाम करायची. मशीन चालू असली की तिला दारातलं काही ऐकू यायचं नाही. त्या दुष्काळात पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, कधी सकाळी, कधी भरदुपारी, आणि जोर इतका कमी की नळ खड्ड्यात उतरवून ठेवावे लागत. म्हणून आम्ही एक कायदा केला होता. नळातून हवा फुसफुसायला लागली की मी पान्यानं लोखंडी पाइपावर तीन ठोके द्यायचे. ते थेट खालाच्या स्वयंपाकघरात वाजत. टोकाच्या घरानं आधी भरायचं. तिचं पिंप भरलं की ती उलट दोन ठोके द्यायची, मगच मी मोटर लावायचे.

पाण्याच्या दिवशी मी रजा टाकत असे. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, दिसेल ते खोलून बसायचा मला भारी नाद. नवरा म्हणायचा, "हिच्या हाती लागलेली वस्तू एक तर सुधारते, नाही तर सुटी होते." रजा संपत आल्या तशी मी क्रांती चौकातून सुटे भाग आणले आणि एक डबी तयार केली. नळात ओल आली की मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की बंद. मी कामावर होते आणि संध्याकाळी येऊन बघते तर टाकी काठोकाठ! मी स्वतःवरच बेहद्द खूश झाले.

त्याच आठवड्यात कॉलेजात चहावर खडाजंगी झाली. आमच्या सरांच्या फोननं रातोरात अपडेट घेतलं होतं आणि त्यांचं रोजचं बटण गायब झालं होतं. तरी सर म्हणाले, "असू दे, सोय वाढली." माझं डोकंच फिरलं.

"कुणाची सोय? या बड्या कंपन्या आपल्याला विचारतात तरी का? बॅटरी चिकटवून टाकतात, हेडफोनचं भोक बुजवतात. ज्याचं अडतं, त्याला हे कुणी ठरवलं तेही कळत नाही. तो आपल्या नशिबाला बोल लावत बसतो."

सरांनी फोन खिशात टाकला. मी आणखी अर्धा कप चहा घेतला.

दुसरी खेपही डबीनंच भरली. पुढच्या रविवारी खाला दारात उभी राहिली, हातात बशीनं झाकलेला पेला.

"ताई, वीस दिवस झाले, तुमचा ठोका नाय. पल्याडच्या गल्लीत पाणी येऊन गेलं म्हणतात. मैं बोली, ताई की तबीयत खराब है क्या? काढा आणलाय. गरम है, पिऊन घ्या."

डबी करताना मला माझी टाकी दिसली होती. ठोके कोण देणार, हा विचार डोक्यात आलाच नव्हता. तिच्या वाटचं पाणी दोनदा माझ्या मोटरनं ओढलं होतं.

"खाला, तुमच्याकडं पाणी आहे का?"

"है ना थोडा, माठ में."

त्याच माठातल्या पाण्याचा तो काढा होता. खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "हो, जरा कणकण होती." आणि तिच्यासमोर पेला रिकामा केला. आल्याचा चोथा तेवढा तळाशी उरला.

मग टाकीची नळी मधल्या घराच्या ओट्यावरून तिच्या पिंपात सोडली. पिंप भरताना ती मलाच दुवा देत होती, "अल्ला तुम्हाला बरकत देवो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथं तर कोरडं खालाचं पिंप पडलं होतं.

डबीच्या वायरी मी त्याच दिवशी उपटल्या. पुढच्या खेपेला उरलेल्यातली एक रजा टाकली, हवा फुसफुसली तसा पाना उचलला आणि तीन ठोके दिले. बऱ्याच वेळानं पलीकडून दोन ठोके आले. मी मोटरच्या बटणाला हात लावते तोच कुलूपबंद घरावरून खालाची हाक आली, "ताई, आता बरं वाटतंय ना?"

"हो, खाला," मी ओरडून सांगितलं.

त्यानंतर दर खेपेला भरून झालं की ती हेच विचारायची. दर खेपेला मी हो म्हणायचे.