बोलक्या गलबताचा तिसरा भाग

धर्मा गेल्याचा निरोप रेवदंड्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने दिला. शाळेपाशी गाडी थांबवून तो खिडकीतूनच म्हणाला, "मास्तर, तुमचा दोस्त गेला." छातीचं दुखणं जुनं होतं, आज ना उद्या हे ऐकावं लागणारच होतं... तरी त्या दिवशी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी आम्ही सातवीत होतो. मी नागावच्या वाडीतला, तो रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. एक राजपुत्र आणि त्याचं बोलकं गलबत यांची पाच भागांची गोष्ट शाळेच्या कपाटात सापडली आणि आम्ही वेडे झालो. राक्षस काय, पाताळातली शहरं काय! धर्मा मात्र सारख्या चुका काढायचा. "ह्या लिवनाऱ्यानं शीड कंदी बगलंय का रं?" असं म्हणत पुढचं पान उलटायचा. संध्याकाळी ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला बसून तो धाकट्या भावाला, पांडूला, सगळं वाचून दाखवी. पांडूचा जीव तिसऱ्या भागावर. त्यात वादळ उठतं, सगळे राजपुत्राला अडवतात आणि गलबत म्हणतं, "सोड दोर, मी आहे ना!"

पांडू मिसरूड फुटण्याएवढा झाला तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात दर्या बंद असतो. नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय कुणी होडी पाण्यात घालत नाही. त्या वर्षी पुनव तोंडावर आली असताना लख्ख ऊन पडलं आणि पांडूने होडी लोटली. धर्माने धावत जाऊन दोर धरला. पांडू म्हणाला, "दादूस, सोड दोर, मी हाय ना!" धर्माला हसू आलं. त्याने दोर सोडला.

होडीच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या.

पुढे शाळेने जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा ते पाचही भाग मी घरी आणले. धर्मा तिसरा मागून घेऊन गेला, तो त्याच्याकडेच राहिला. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन तो दिव्यापाशी बसे आणि तेच एक पुस्तक वाची. दुसऱ्या भागांना त्याने हात लावला नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "फेकून दे ते!"

"न्हाय रं," तो म्हणाला. "त्या येलेला मना हसू कसं आलं, त्ये हुडकतंय."

मला त्या लेखकाचा राग येई, अजूनही येतो. त्याचा काही उपयोग नाही.

बाराव्याला मी गेलो. धर्माच्या बायकोला, हिराला, वाचता येत नाही. देवांशेजारी ते पुस्तक ठेवलेलं, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. "भावजी," ती म्हणाली, "यवरी वर्सां तेंनी ही पोथी वाचली. आता शेवटचा अध्याय तुमी वाचा. तेंना शांती मिलंल."

खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहून पुस्तकच हातात घेतलं. बायका हात जोडून बसल्या होत्या. मी वाचलं... वादळ शमलं, गलबत बंदराला लागलं, राजपुत्र धावत येऊन आईच्या पाया पडला.

सगळ्यांत पुढे धर्मा-पांडूची आई होती. वाचून झाल्यावर तिने पुस्तकावर डोकं टेकवलं.