कॅनडावाल्यांच्या हाती वरण

कुणी खुर्ची आणली की ते ती पाठीकडून धरायचे आणि आणणाऱ्यालाच तिच्यात बसवायचे. वर विचारायचे, "मी काय पाहुणा हाय का?"

"नाही नाही साहेब, घरचेच तुम्ही," असं म्हणत आमची गल्ली त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची आणायची. मग पंखा त्यांच्याकडे वळायचा. मग सीलबंद पाण्याची बाटली. तुम्हीही पाहिलं असेल, घरच्या माणसाला आपण असं कधी वागवत नाही. घरच्या माणसाला आपण म्हणतो, "सरक जरा तिकडं."

हे गृहस्थ मूळचे नेपानगरचे. वडील तिथल्या कागदाच्या कारखान्यात होते. पोरगा शिकला आणि कागदच बनवायला थेट कॅनडात गेला. चाळीसेक वर्षं तिकडे काढली. बायको वारली, मुलगी तिकडेच संसाराला लागली, तेव्हा त्यांनी सामान आवरलं आणि बुऱ्हानपुरात, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत येऊन राहिले. इथं त्यांच्या मामाचं घर होतं, ते त्यांनी नीट करून घेतलं. गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं, कॅनडावाले.

त्यांच्या स्वागताला गल्लीनं मला पुढे केलं, कारण मी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. म्हणजे मुलांना ते मराठीतून समजावून सांगितलं, पण हे गल्लीला ठाऊक नव्हतं. मी भाषण पाठ केलं. आरशासमोर दोनदा म्हटलं. मुलाच्या लग्नातला कोट घातला आणि त्यांच्या दारात उभं राहून अख्खं इंग्रजी भाषण एका दमात म्हणून टाकलं. त्यांनी हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, लय छान बोलले. आता मले एक सांगा, इथं दळण कुठं टाकता?"

त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीतली पोरं मला पाहून एकमेकांना दळण कुठं टाकतात ते विचारत.

तर त्यांचा खरा त्रास हा, की त्यांना कुणी काम सांगेना. नवरात्राचा मंडप असो की कुणाची सत्यनारायणाची पूजा, ते बाह्या सरसावून हजर व्हायचे, "मले काम सांगा." आणि लोक त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवायचे. एकदा ते मला म्हणाले, "मास्तर, बसून बसून माह्या पाठीचं लाकूड झालं. बसायचंच होतं तं विमानातच बसून राह्यलो असतो."

आता आमच्याकडची पंगत समजून घ्या. शहरात हल्ली लोक हातात ताटं घेऊन उभ्यानं जेवतात, पण आमच्या गल्लीत साखरपुड्याला अजून जमिनीवर पंगत बसते, पत्रावळीवर वरण आणि कणकेची भाजलेली बट्टी असते आणि वाढायला गल्लीतलेच पुरुष. प्रत्येकाचं भांडं ठरलेलं. एकदा ज्याच्या हाती जे आलं ते त्याचं. तूप वाढणारा सगळ्यात वरचा. त्याखाली वरणाची बाल्टी, मग बट्टी, मग वांग्याची भाजी, मग पाणी. सगळ्यात खाली मीठ. मीठ माझ्याकडे आहे. तरुणपणी मी वरणच वाढायचो, पण एका लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या मांडीवर वरणानं भरलेलं वगराळं उपडं केलं, तेव्हापासून मला पातळ पदार्थाजवळ फिरकू देत नाहीत.

हे सगळं ठरवतात ते प्रल्हादभाऊ. त्यांचे पॉवरलूम आहेत. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते कुणाच्या कानात गुपित सांगायला लागले तरी पलीकडच्या गल्लीला कळतं. त्यांच्याच नातीचा साखरपुडा ठरला, मुलाकडचे देडतलाईचे. आणि नेमकं त्याच आठवड्यात वरण वाढणाऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

मी प्रल्हादभाऊंकडे गेलो. "बाल्टी कॅनडावाल्यांना द्या."

"साहेबाच्या हाती बाल्टी?" ते ओरडले. "लोकं काय म्हनतील?"

"म्हणतील, कॅनडा आपला झाला. जबाबदारी माझी."

माझ्या जबाबदारीवर गल्लीत कुणी पाव किलो साखर देणार नाही, पण वेळ थोडा होता. भाऊ हो म्हणाले.

कॅनडावाल्यांनी रोज सकाळी गच्चीवर पाण्यानं भरलेली बाल्टी घेऊन फेऱ्या मारल्या. कंबर कशी वाकवायची, वगराळं कसं टेकवायचं, बट्टी कुस्करून केलेल्या आळ्यात धार कशी सोडायची, सगळं मी शिकवलं. मी, म्हणजे मांडीवर वरण सांडणारा. आणि खरंच, पंगतीच्या दिवशी त्यांनी एक थेंब इकडेतिकडे होऊ दिला नाही. मी मागून मीठ घेऊन चाललो होतो आणि शिष्याकडे पाहून माझी छाती फुगली होती.

त्या फुगलेल्या छातीमुळे मला पुढचं दिसलं नाही.

आमच्याकडे जेवणारा "नको" म्हणतो. म्हणावंच लागतं. हात पत्रावळीवर आणि डोळे बाल्टीत, अशी रीत आहे. दुसऱ्यांदाही तो "नको" म्हणतो, जरा हळू. तिसऱ्यांदा हात आपोआप बाजूला होतो. हे कुणाला शिकवायचं असतं असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कॅनडावाले विचारत होते, "वरण?" समोरचा म्हणे, "नको." हे हसून म्हणत, "बरं," आणि पुढे सरकत.

अख्खी पंगत त्यांनी अशी अदबीनं कोरडी ठेवली. वरणाशिवाय बट्टी म्हणजे काय ते ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. लोक चावत होते आणि पाणीवाल्याची धावपळ होत होती.

नवऱ्या मुलाचे फुफाजी रांगेत मधोमध होते. फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान. आमच्या भागात रुसणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क, आणि एरवी त्यांना कारण शोधावं लागतं. इथं ते पत्रावळीवर आयतं वाढलेलं होतं. ते उठले, हात झटकले. "आमच्या देडतलाईत कुत्र्याले बी दोनदा विचारतात," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मागोमाग सगळी मंडळी उठली. संध्याकाळी निरोप आला, लग्नाच्या तारखेचं मग पाहू.

प्रल्हादभाऊंची नात आतल्या खोलीत जाऊन बसली ती बाहेर येईना. भाऊ तरातरा बाहेर आले. कॅनडावाले अजून बाल्टी धरून उभे होते.

"ए कॅनडा," भाऊ गरजले, "अक्कल तिकडंच ठेवून आला का? मानूस नको म्हनतो अन् तू पुढं जातो? माह्या पोरीचं लगन मोडाले आला का तू?"

साहेबांना "ए" म्हणणारं इतक्या दिवसांत कुणी निघालं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले, मान खाली गेली. मला वाटलं, उद्या हे सामान बांधणार. सगळे पांगल्यावर मी भीत भीत जवळ गेलो.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "भाऊ मले 'ए' म्हनले ना?"

"हाव."

"सगळ्यांसमोर?"

"पलीकडच्या गल्लीलापण ऐकू गेलं."

त्यांनी मान हलवली. पाणावलेले डोळे पुसले, पण चेहऱ्यावर जे काही होतं ते दुःख नव्हतं. मग एकदम म्हणाले, "पोरीचं लगन मोडू द्यायचं नाही. सकाळी तुमची स्कूटर काढा."

सकाळी आम्ही देडतलाईला निघालो. मी पुढे, ते मागे, मध्ये वरणाचा डबा. त्यांनी रात्री स्वतः बट्ट्या केल्या होत्या. खकनारच्या पुढे रस्ता खराब आहे. देडतलाईत पोचेपर्यंत माझ्या पाठीवर एवढं वरण सांडलं होतं, की गावातल्या कुत्र्यांनी आमचं स्वागत माझ्या भाषणापेक्षा आपुलकीनं केलं.

फुफाजी ओसरीवर बसले होते. "आम्ही जेवलो," ते आमच्याकडे न पाहता म्हणाले.

कॅनडावाले त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. थाळीत बट्टी कुस्करली, आळं केलं. "थोडं घ्या."

"नको."

कॅनडावाल्यांचा हात थांबला. चाळीस वर्षांची सवय मनगटात आडवी आली होती, मला स्पष्ट दिसली. मी मागून खाकरलो.

"घ्या हो."

"नको म्हनलं ना."

"मग मीपन जेवनार नाही. काल दुपारपासून पोटात काही नाही माह्या."

फुफाजींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "काल विचारलं कावून नाही दुसऱ्यांदा?"

"तिकडं नको म्हनल्यावर पुन्हा विचारलं तं लोकांना अपमान वाटतो."

"मंग त्यांचं पोट कसं भरतं?"

"स्वतःच वाढून घेतात."

"स्वतः?" फुफाजींनी माझ्याकडे पाहिलं, खरं आहे का म्हणून. मी इंग्रजीच्या अधिकारानं मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता तिथं कीव आली.

"माही बायको गेली," कॅनडावाले थाळीकडे पाहत म्हणाले, "तेव्हा शेजारची भली मानसं दारात आली. म्हनाली, काही लागतं का? मी म्हनलं, नको. तं ती गेली." थाळी पुढे सरकवत म्हणाले, "लय भली मानसं होती. मी नको म्हनलं म्हनूनच गेली."

फुफाजींनी थाळी ओढून घेतली. ती संपल्यावर आत हाक मारून आमच्यासाठी ताटं मागवली आणि आमचा एकही "नको" मानला नाही. परत येताना मला स्कूटरवर पुढे वाकता येत नव्हतं. तारीख ठरली, लग्न झालं.

त्यानंतर कॅनडावाल्यांचा आग्रह हे गल्लीवरचं संकट झालं. मधुमेहाच्या माणसाला जिलेबी, उपासाच्या माणसाला बट्टी. डॉक्टरांच्या सल्ल्यालाही ते पहिला नकार समजत. "ए कॅनडा, पुरे," असं बाया ओट्यावरून ओरडायच्या, आणि ते खूश होऊन आणखी वाढायचे.

गेल्या हिवाळ्यात दुपारी झोपले ते उठले नाहीत. मुलगी तिकडून धावत आली.

तेरवीची पंगत गल्लीनंच केली. देडतलाईहून फुफाजी आले. मला वाटलं, पुढे बसतील. ते सरळ चुलीकडे गेले आणि वरणाची बाल्टी उचलली. सोयऱ्यानं वाढायचं, हे कुणी पाहिलं नव्हतं. वर त्यांनी रांगेत "घ्या, घ्या" सुरू केलं.

प्रल्हादभाऊ त्यांच्या परीनं कुजबुजले, तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं, "फुफाजी, तेरवीत आग्रह करत नाहीत."

"याच्या तेरवीत करतात," फुफाजी म्हणाले.

रांगेच्या शेवटी मुलगी बसली होती. तिच्या पत्रावळीवर बट्टी तशीच होती. बाल्टी समोर आली तेव्हा तिनं मान हलवली आणि दोन्ही हात पत्रावळीवर धरले. फुफाजींनी वगराळं भरलं आणि तिच्या हातांपुढे धरून उभे राहिले. वरण त्यांच्या धोतरावर ठिबकत होतं. मागचे वाढणारे खोळंबले. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळानं तिनं वर पाहिलं, आधी एक हात काढला, मग दुसरा.