पालेर्मोला जाऊन काय खाल्लंत?

आमच्या ग्रुपचे किस्से मी मुद्दाम लक्षात ठेवते असं नाही हो. विसरताच येत नाहीत! दर शुक्रवारी इथे दोह्यात, अल थुमामात कुणाच्या ना कुणाच्या घरी आम्ही जमतो. परतताना गाडीत मी चिडचिड करते आणि माझा नवरा सुधीर म्हणतो, "जाऊ दे ना वैशू." हे जाऊ दे, जाऊ दे करता करता इतकं साठलंय की आता कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं बीपी वाढेल. आज फक्त इटलीच्या ट्रिपचं सांगते. तेवढं पुरे आहे.

आधी माणसं कळू देत. नाना आमच्यात सगळ्यांत मोठे, नाशिकचे. उभा जन्म बांधकाम कंपन्यांच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये गेला, त्यामुळे जगात कुठेही गेले तरी ते इन्स्पेक्शनलाच आलेले असतात. शुद्ध शाकाहारी. त्यांच्या बायको कुंदाताई, स्वभावाने साखर, पण नानांच्या पुढे एक शब्द नाही. मग मंदार आणि प्राजक्ता, पुण्याचं तरुण जोडपं, जे अन्नाचे आधी फोटो काढतं आणि मग ते गार झालं म्हणून कुरकुर करतं. आणि आम्ही दोघं. मी कोल्हापूरची, मला सगळं चालतं. सुधीरलाही चालतं, पण नानांसमोर तो एकदम सात्त्विक होतो.

पालेर्मो ही माझी आयडिया. माझ्या ऑफिसात रोझालिया आहे, माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते, ती तिथली. एकदा लंचला माझ्या डब्यात पाटवडी होती. तिने एक उचलली, तोंडात टाकली आणि लगेच दुसरी उचलली. म्हणाली, आमच्याकडे हे रस्त्यावर मिळतं. बेसन शिजवायचं, थापायचं, कापायचं, तळायचं आणि पावात घालून लिंबू पिळायचं. पानेल्ले म्हणतात. मी म्हटलं, "बेसन? इटलीत?" ती म्हणाली, "शाळा सुटली की आम्ही तेच खायचो." दोन-तीन वर्षं तिला घरी जाता आलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "माझ्या वाटचं एक तू खा. उभ्याने खा, हातगाडीपाशीच." मी शब्द दिला.

आणि खरं सांगते, मला स्वतःलाही ते खायचंच होतं. इतकी वर्षं दोह्यात काढली, पण जिथे गेलो तिथे ग्रुपबरोबर गेलो आणि ग्रुपबरोबर खिचडी खाल्ली. एकदा तरी परक्या गावात उभं राहून तिथलं काहीतरी खायचं होतं मला. बस्स, एवढंच!

*

सुरुवात दोहा एअरपोर्टलाच झाली. कुंदाताईंच्या हँडबॅगेत कुकर! चेक-इनच्या बॅगेत का नाही? तर तिकडे भाजणी, पोहे, मेतकूट आणि तांदूळ होते.

सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडायला लावली. नानांनी लगेच इंग्रजीत प्रेशर, टेम्परेचर, सेफ्टी वाल्व्ह असं सगळं समजावायला घेतलं. मागे ही रांग! मी दुसरीकडे बघत उभी, जणू ही माणसं माझी कुणीच नाहीत.

तो पोरगा केरळचा निघाला. त्याने कुकर उचलला, झाकण फिरवलं, रबर बोटाने दाबून बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "सर, सीटी तो ठीक है, लेकिन रबर खलास है. चावल कच्चा रहेगा."

नानांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इन्स्पेक्शनमध्ये फेल केलं होतं!

*

पालेर्मोत पहिल्याच दिवशी आरांचीनाचं दुकान दिसलं. भाताचा मोठा गोळा, आत सारण आणि वरून तळलेला. पालकाचाही होता. मी खूश. म्हटलं, नाना, हा घ्या, शाकाहारी आहे.

नाना म्हणाले, "सारण शाकाहारी आहे गं. तेलाचं काय?"

"तेलाचं काय म्हणजे?"

"त्याच तेलात मटणाचं तळलं असेल तर?"

झालं! नानांनी फोनवर भाषांतर करून मालकाला विचारलं, तेल कुठलं, कधी बदललं, त्यात आणखी काय तळता. मालक बिचारा हसत उत्तरं देत होता. मग नाना काउंटरच्या आत वाकले. मग त्यांनी अग्निशामक सिलिंडरची तारीख बघितली. मग खिशातून चष्मा काढला, आणि चष्म्याबरोबर दोह्याच्या ऑफिसचं आयकार्ड बाहेर आलं, ते त्यांच्या गळ्यातच होतं! सुट्टीवर आलेला माणूस गळ्यात आयकार्ड घालतो का हो?

मालकाचा चेहरा पडला. आतून त्याची बायको आली, तिने डोक्याला टोपी घातली, हातमोजे चढवले. पोऱ्याने फरशी पुसायला घेतली. कुठल्यातरी सरकारी खात्याचा माणूस तपासणीला आला असं त्यांना वाटलं. पुढच्या मिनिटाला विक्री बंद, शटर अर्धं खाली!

बाहेर येऊन नाना म्हणाले, "बघितलंस? मनात काळंबेरं असल्याशिवाय कुणी शटर ओढतं का?"

*

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, नानांना मध्ये येऊच द्यायचं नाही. हॉटेलात बसलो, मेनू माझ्या हातात. कापोनाता मागवली. वांगं, सेलरी, ऑलिव्ह, व्हिनेगर, साखर. आंबटगोड वांग्याची भाजीच म्हणा. तळणीचा विषय नानांसमोर काढायचा नाही असं कुंदाताईंना आधीच पढवून ठेवलं होतं.

वेटर मोठी बशी घेऊन आला. सगळ्यांत आधी सुधीरपाशी थांबला आणि वाढायला चमचा उचलला.

सुधीर म्हणाला, "नो, नो!"

आता सुधीरला ती हवी होती. मला माहीत आहे, त्याला वांगं जीव की प्राण. पण साताऱ्याकडचं वळण! पहिल्या वाढपाला हो म्हणायचं नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा पानावर हात आडवा धरायचा, मग समोरच्याने हात बाजूला करून वाढायचं. वेटरला हे कुठून माहीत? तो घाबरला. त्याला वाटलं, यांना वांग्याची ॲलर्जी आहे. बशी घेऊन गेला तो गेलाच. वर बिलातून काढून टाकली आणि माफी मागितली!

मी सुधीरला म्हटलं, "परत मागव."

तो म्हणाला, "आता कसं मागवायचं? बरं दिसतं का ते?"

कप्पाळ माझं! रात्री अपार्टमेंटवर मेतकूट-भात. आणि भात कच्चा.

*

मग पास्त्याचा दिवस. तो चक्क मिळाला. साधा टोमॅटोचा, वर तुळशीसारखं पान. प्राजक्ताचे फोटो होईपर्यंत तो गार झाला हे सोडा, पण मिळाला. नाना हात न लावता पाणी पीत बसले होते, चीजमध्ये नेमकं काय घालतात याची त्यांना शंका होती.

मी पहिला घास घेणार, तेवढ्यात कुंदाताईंनी पर्समधून डबी काढली आणि प्रेमाने माझ्या ताटावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. "अळणी लागेल गं तुला."

तेवढ्यात शेफ बाहेर आला. मला वाटलं, आता हाकलतो आपल्याला. मला तर वाटत होतं हाकलावंच! पण त्याने डबीकडे बोट दाखवलं, चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, चाखली. डोळे मोठे केले. डबी उचलली आणि आत घेऊन गेला. आतून भांड्यांचा आवाज आणि "ममा मिया!"

डबी रिकामी होऊन परत आली. नाना संतापले. "दोह्यात नजमाच्या बाजारातून मुद्दाम शेंगदाणे आणून कुटली होती! सगळी संपवली त्याने!"

म्हणजे बघा, त्या दिवशी त्या हॉटेलात परक्या गावचा पदार्थ मनापासून खाल्ला तो एकट्या शेफने.

*

कान्नोलीचं तर नावच काढू नका. कुरकुरीत नळी, आत गोड ताज्या चीजचं सारण. रोझालियाने बजावलं होतं, भरल्या भरल्या खायची, थांबलात तर ती मऊ पडते. मी आम्हा सगळ्यांना पुरतील अशा घेऊन आले.

कुंदाताई म्हणाल्या, "अगं, आज संकष्टी. चंद्र बघून खाऊ सगळे एकत्र."

ठीक. पण चंद्र कुठला? मंदार म्हणाला, पालेर्मोचा. नाना म्हणाले, आपण राहतो दोह्यात, व्रत दोह्यात घेतलं, चंद्रोदय दोह्याचा. कुंदाताई म्हणाल्या, माहेरी आम्ही नाशिकचा धरायचो. नाशिकला फोन लावला. तिथल्या गुरुजींनी विचारलं, "पण तुम्ही आत्ता आहात कुठे?" नाना म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे!"

शेवटी पालेर्मोचा चंद्र ठरला. आणि ढग आले. सगळे बाल्कनीत माना वर करून उभे, आणि टेबलावर माझ्या कान्नोली भिजक्या पापडासारख्या लोळत पडल्या. मी म्हटलं, मी खाते, माझा उपास नाही! तर सुधीर हळूच म्हणाला, "अगं, कुंदाताई उपाशी आहेत. बरं दिसतं का ते?"

या माणसाला एकदा तरी काहीतरी बरं दिसू दे रे देवा!

*

आणि पानेल्ले? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, बाजाराच्या कोपऱ्यावर लागायची. वास वर खिडकीपर्यंत यायचा. रोज मी म्हणायची, आज खाऊ. रोज नाना म्हणायचे, "त्या तेलाचा रंग बघितलास का? असलं खाऊन आजारी पडलीस तर सगळ्या ग्रुपची ट्रिप बोंबलेल." की सगळे पुढे चालायला लागायचे. एकटीने थांबावं, तर हा घोळका पुढच्या चौकात माझ्यासाठी ताटकळत उभा, आणि सुधीर तिथूनच हात जोडतोय.

शेवटच्या दिवशी मी बंड केलं. बॅगा भरून झाल्या, कुणाला न सांगता खाली उतरले आणि रांगेत उभी राहिले. मिशीवाल्या गाडीवाल्याच्या कढईतून सोनेरी वड्या निघत होत्या. शपथेवर सांगते, बेसनाचा तो वास आला आणि मला माझ्या कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं. माझ्यापुढे एकच बाई उरली होती. हातात सुट्टे युरो घेऊन मी तयार.

"वैशाली! टॅक्सी आली! यल्ला, यल्ला!"

नाना. स्वतः न्यायला आले होते. मी म्हटलं, नाना, दोन मिनिटं. ते म्हणाले, "विमान दोन मिनिटं थांबत नाही." आणि माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेऊन चालायलाच लागले. त्या बॅगेत माझा पासपोर्ट!

हातातोंडाशी आलेला घास गेला. रोमपर्यंतच्या विमानात मी खिडकीकडे तोंड करून रडले सुद्धा. एवढ्याशा वडीपायी रडायचं काय, असं सुधीरला वाटलं असेल. त्याने तसं म्हटलं नाही, हे त्याचं नशीब.

*

दोह्यात ऑफिसला गेले तर रोझालिया खुर्ची वळवून बसलेलीच. "खाल्लंस?"

थाप मारता आली असती. नाही मारली. "नाही," म्हटलं, आणि नानांचं सगळं सांगून टाकलं.

ती वळली आणि कामाला लागली. लंचला एकटीच निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "शुक्रवारी तुझ्या घरी येते. बेसन आणून ठेव. मी करते. पण मला तो माणूस बघायचाय, ज्याने तुला खाऊ दिलं नाही."

शुक्रवारी सगळे आमच्याकडे जमले. रोझालियाने ॲप्रन बांधला, बेसन घोटलं, थापलं, कापलं. तेलाची नवी कोरी बाटली मी नानांच्या देखत, सील दाखवून फोडली. म्हटलं, बघा नाना, आता काही शंका? नाना म्हणाले, "आता कसं, शिस्तीत!"

पहिली वडी रोझालियाने माझ्या हातात दिली. मी उभ्यानेच खाल्ली, ओट्यापाशी. काय सांगू तुम्हाला! बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखी मऊ. माझे डोळे भरून आले आणि रोझालियाचेही. सुधीरने न विचारता एकदम तीन उचलल्या. एकदाही नको म्हणाला नाही!

मग पावात घालून, लिंबू पिळून रोझालियाने एक नानांना दिलं. कमरेवर हात ठेवून त्यांच्या समोर उभी राहिली. सगळे बघतायत. नानांनी एक घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला. मान हलवली.

"चांगलंय," ते म्हणाले. "पण मिरपूड कमी पडली. आणि हा पाव नाही चालत, त्याला वरून तीळ लागतात. तिथे तो मिशीवाला सकाळी पहिल्या घाण्यातलं मला बाजूला काढून ठेवायचा, त्याची सर नाही याला."



कुंदाताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या, "कुठला मिशीवाला?"