वन्संनी घेतलेल्या मुलाखती

फोन आला तेव्हा मी आतल्या खोलीच्या बंद दारासमोर खुर्ची टाकून राखण करत बसले होते. आत माझी नात प्राची लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या नोकरीची मुलाखत देत होती. आमच्या कर्जतच्या घरात अशा वेळी मिक्सर बंद, टीव्ही बंद, कुकरसुद्धा बंद. फोन खालापूरहून होता, माझ्या नणंदेच्या मुलाचा. "मामी, आई गेली," दिनेश म्हणाला. वन्सं चहा घेऊन अंगणात बसल्या होत्या, तिथेच मान टाकली... मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आतून प्राचीचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाला बोलतं करणारी बाईच गेली होती.

माझा मुलगा सुनील बाहेरून धावत आला. त्यालाही कळलं होतं. "आई, प्राचीला सांगायला हवं."

"दाराला हात लावलास तर बघ."

"अगं, तिची आतेआजी गेलीय! नंतर कळलं तर मला जन्मभर बोलेल."

"मला बोलेल. तू बस."

तो बसला. कारण त्यालाही ठाऊक होतं, ही मुलाखत गेली तर काय. कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर जागा होती आणि मॅनेजरला त्याच संध्याकाळी उत्तर हवं होतं. "एवढी शेवटची, मग तिकडे जायचं," असं सुनीलनंच लेकीला बजावलं होतं. पोरीनं चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते येणाऱ्या पाहुण्यांना खोलीची किल्ली द्यायला नव्हे, पण घरात बसून तरी किती दिवस राहणार? तेवढ्यात माझा फोन पुन्हा थरथरायला लागला, मग सुनीलचा. आवाज बंद कसा करतात ते मला त्या घडीला आठवेना. मी दोन्ही फोन उचलून तांदळाच्या डब्यात खुपसले. तिथेही ते गुरगुरत राहिले...

वन्संनी माझीही मुलाखत घेतली होती. मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिक झालेली, दोन वेण्या, नाकाच्या शेंड्यावर राग आणि डोक्यात निव्वळ भुसा. आपण म्हणजे तालुक्यातलं रत्न, असा माझा समज. मुलाची थोरली बहीण म्हणून वन्सं पुढे सरसावल्या. "भात करपला तं काय करशील गं?"

"माझा करपत नाही," रत्न म्हणालं.

"करपला असं धर."

मी गप्प. ओठ मिटून महाराणीसारखी बसले. बाबांचा चेहरा उतरला, आईनं मागून चिमटा काढला. वन्सं मात्र हलेनात. वाट बघत राहिल्या. शेवटी मी रडवेली होऊन म्हणाले, "वरचा वरचा काढून वाढीन, आणि खालचा... खालचा कुणाला दाखवणार नाही!" वन्सं एवढ्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. "घ्या हिला," म्हणाल्या, "अडली तरी शेवटी बोलली." माझ्या सगळ्या संसाराला पास करणारा शेरा तो एवढाच.

प्राचीचं दुखणं तेच होतं. पडद्यावर कोडं देतात, त्याचा प्रोग्रॅम साहेबांच्या देखत लिहायचा, आणि लिहिताना काय विचार चाललाय ते बोलत राहायचं. आमची पोर उत्तर पुरतं सापडेपर्यंत तोंड उघडणार नाही. लहानपणापासून आम्हीच शिकवलं, नीट येत असेल तरच बोल, नाहीतर चूप. एका साहेबानं सांगितलं, उत्तर बरोबर आहे पण तुमचा विचार कळला नाही. एकानं मधेच जांभई दिली. एकानं कॅमेराच बंद ठेवला. समोर काळा चौकोन, माणूस ऐकतोय की जेवायला गेलाय कळेना. ती त्या चौकोनापुढे जी थिजली ती थिजलीच.

पावसाळा संपता संपता वन्सं डोळे दाखवायला कर्जतला आल्या आणि आठवडाभर राहिल्या. त्यांनी हे ऐकलं आणि दिवाणावर मांडी ठोकून बसल्या. "चल, मी सायेब. विचार."

"आतेआजी, प्रश्न तू विचारायचा."

"मला काय येतंय? तूच विचार नि तूच सांग. मी बसते."

प्राची कोडं सोडवायला लागली आणि सवयीनं गप्प झाली. "मग?" वन्सं म्हणाल्या.

"विचार करतेय गं."

"तो मला दिसत नाय. तोंडानं कर."

त्यांनी जांभया दिल्या, बोटं मोडली, माझ्या मोबाइलवर उगाच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आता माझा कॅमेरा बंद," आणि पदर तोंडावरून खाली ओढून घेतला. प्राची चिडली. मग रडली. मी म्हटलं, "वन्सं, पुरे करा, पोरीला किती छळाल?" तर पदराआडून आवाज, "वैनी, तुमी मधे बोलू नका. मुलाखत चालू हाय." शेवटी पोर त्या पदराशी बोलायला लागली. हे करून बघते, हे चुकलं, आता उलट्या बाजूनं जाते... आठवडाभर रोज. वन्संना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती थांबली की पदर हलायचा.

आणि आता ती आत बोलत होती. मधेच आवाज थांबला. सुनीलनं माझा हात धरला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ऐकू आलं, "आय ॲम स्टक हिअर, बट..." आणि ती पुढे निघाली.

दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "आजी, आतेआजीला फोन लाव! त्यानं सगळा वेळ कॅमेरा बंद ठेवला आणि मी एकदाही थिजले नाही!"

"चप्पल घाल," मी म्हटलं. "तिच्याकडेच जायचंय."

गाडीत सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू बोलत होतीस तेव्हा."

खालापूरपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वन्संना ओटीवर ठेवलं होतं. प्राची त्यांच्या उशाशी बसली आणि पहिल्या प्रश्नापासून सगळं सांगायला लागली. बायका तिला थांबवायला निघाल्या, मी त्यांना अडवलं. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. सुनील अंगणाच्या कडेला गेला, लेकीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही हो, ती नाही येणार." निकाल कुणाला ठाऊक होता?

तो अजूनही आलेला नाही. "कळवतो" म्हणाले होते, ते कळवतच आहेत. प्राची माझ्याशी बोलते, पण त्या दिवसाबद्दल नाही. मीही विचारत नाही.

आज तिची दुसरीकडे मुलाखत आहे. मी दारासमोर बसून हे लिहितेय. मिक्सर बंद, कुकर बंद. आतला आवाज आत्ताच थांबला... माझं पेनही थांबलं. मग माझ्याही नकळत मी दाराकडे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "मग?"