आकडा ठरेपर्यंत

हवाई दलाने नवी लढाऊ विमानं किती घ्यावीत, हे बंगळुरूतल्या आमच्या जे. पी. नगरच्या सोसायटीत कुणालाही विचारा, उत्तर तयार. हातातली कॉफी संपायच्या आत निवृत्त काकामंडळी अख्खं दल उभं करतात. मी विमानांच्या कारखान्यात सुट्या भागांचं नियोजन बघते, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे वळतात. हा विषय निघाला की माझं डोकंच उठतं. कितीही घ्या, पण एकदाचं काय ते ठरवा!

आमच्या खात्यात हा आकडा पेन्सिलने लिहितात. तसा नियम नाही, अनुभवाने पडलेली सवय. आधी एक आकडा आला, मग त्याच्या निम्मा, मग नुसतंच ‘विचाराधीन’. दर वेळी यंत्रं, माणसं, पत्रा, सगळ्याची जुळणी पहिल्यापासून.

यशवंतपूरला एका अण्णांचं वर्कशॉप आहे. ते बेळगावकडचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच. विमानाच्या पोटातल्या बाकदार पट्ट्या तिथे साच्यावर ठोकून घडवायच्या. ते काम जमणारे तीन कारागीर त्यांच्याकडे होते. तसा हात बसायला वर्षं जातात. लिफ्टच्या दारांचं कायमचं काम चालून आलं, तेव्हा अण्णांनी मला फोन केला.

“मॅडम, ते काम घेतलो तर ही तिघं तिकडं अडकतात. विमानाचं काय ते सांगा की.”

“या वेळी नक्की आहे, अण्णा. स्वल्प थांबा.”

पेन्सिलच्या आकड्यावर मी हे बोलून गेले. एवढी वर्षं या खात्यात काढून!

अण्णांनी दारांचं काम सोडलं. नवा साचा करून घेतला आणि ऑर्डर यायच्या आधीच दसऱ्यातल्या आयुधपूजेला त्याला हळद-कुंकू लावलं, समोर कोहळा फोडला. पूजा झालेला साचा हलवायचा नाही, म्हणून तो वर्कशॉपच्या मधोमधच राहिला. त्यानंतर आणखी दोन आयुधपूजा झाल्या. मी दर वेळी फोनवर ‘होईल, होईल’ म्हणत राहिले. माझी मलाच चीड यायची.

गेल्या महिन्यात आकडा अखेर पक्का झाला, आणि चांगला मोठा झाला. सोसायटीत म्हैसूरपाक वाटला गेला. मी सुट्टी टाकून यशवंतपूरला गेले. साचा जागेवर होता, स्वच्छ पुसलेला. वर्कशॉपमध्ये अण्णा एकटेच. तिघांपैकी एक टॅक्सी चालवतो, एक फर्निचरच्या दुकानात लागला, आणि सगळ्यात जुना होता तो गावी निघून गेला.

“साचा हाय की मॅडम,” अण्णा म्हणाले. “हात कुठनं आणू?”

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी यादी वाचत विचारलं, “यशवंतपूरचं काय?”

“साचा तयार आहे, सर,” मी म्हणाले.

त्यांनी बरोबरची खूण केली. पुढचं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.